रजा

गेल्या महिन्यात एका सकाळी फजरला उठलो तेव्हा अंगात कणकण होती. वजू करताना थंड पाणी कोपरापर्यंत गेले आणि दातावर दात वाजू लागले. उभे राहवेना म्हणून खाली बसून नमाज पढलो. बसून पढायचे ठरवायला मला क्षणभरही लागला नाही. आजारी माणसाने बसून पढावी, बसवत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने पढावी, हे लहानपणी मदरशात शिकलेलो. त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे कधी कुणी म्हटले नाही.

मग फोन हातात घेतला. मुख्याध्यापकांना एवढेच कळवायचे होते की ताप आहे, आज शाळेत येत नाही. ते कळवायला मला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात मी काय काय केले ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे केले असणार. आधी थर्मामीटर लावला. १०१ च्या वर पारा गेला. विश्वास बसला नाही म्हणून झटकून पुन्हा लावला. मग हिशोब केला, की आता गोळी घेतली तर नऊपर्यंत ताप उतरेल, दुपारी परत चढला तर चढला, तोवर चार तास होतील. मग आठवले की या आठवड्यात केंद्रप्रमुख यायचे आहेत. मग वाटले, मागच्याच महिन्यात एक रजा झाली आहे. संदेश लिहिला, खोडला. 'थोडा ताप आहे' असे लिहिले, मग वाटले 'थोडा' असेल तर मग घरी कशाला राहतोय, म्हणून 'थोडा' काढला. तोवर बायको चहा घेऊन आली. माझ्याकडे आणि फोनकडे बघून म्हणाली, "बुखार तुमकू है, फिर माफी कैकू मांगते?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मी रजा मागत नव्हतो, माफी मागत होतो.

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक आहे. सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावरचे गाव. शाळेत मी एकटाच मुसलमान. शुक्रवारी मधल्या सुट्टीत शेजारच्या गावातल्या मशिदीत जुम्याला जाऊन येतो. कधी दहा मिनिटे उशीर होतो, तेवढा वेळ शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्या मुलांवर नजर ठेवतात. आजवर कुणी तक्रार केलेली नाही. ईदचा चंद्र एखाद्या वर्षी एक दिवस पुढे-मागे होतो, सरकारी सुट्टी एका दिवशी आणि आमची ईद दुसऱ्या दिवशी, अशी वेळ आली की एक किरकोळ रजा तिकडे जाते. त्यावरही कुणी काही बोललेले नाही. पण एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, आधीच्या शाळेत एक सहकारी हसत हसत म्हणाले होते, "तुमचं बरं आहे, आमचा रविवार आणि तुमचा शुक्रवारही." सगळे हसले. मीही हसलो.

ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसले. तेव्हापासून मी स्वतःचीच हजेरी जरा जास्त कडक घेतो. दुसऱ्या शिक्षकाने तापाने घरी राहावे आणि मी राहावे, यात मला उगाचच फरक वाटतो. त्याची रजा म्हणजे त्याचा ताप. माझ्या रजेवर मात्र 'ही माणसं' असा काही शेरा कुठेतरी लिहिला जात असेल अशी धास्ती. कदाचित तसे कुणी लिहीतही नसेल. पण ज्याला ती धास्ती असते तो आजारी असला तरी कामावर जातो. आपल्या ओळखीतल्या बँकेतल्या, कचेरीतल्या, दवाखान्यातल्या लोकांना विचारून बघा. अशी धास्ती बाळगणारे पुष्कळ निघतील, आणि ते सगळे मुसलमानच असतील असे नाही. नवीन लागलेला, राखीव जागेवरून आलेला, लेकुरवाळी बाई, असा कुणीही. ज्याच्याकडे आधीच संशयाने बघितले जाते तो रजा घेताना दहादा विचार करतो.

'रजा' हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ 'रज़ा' म्हणजे संमती, खुशी. आपण घरात 'अल्लाह की रज़ा' म्हणतो तो हाच शब्द. मराठीत येता येता तो मालकाच्या, साहेबाच्या संमतीपुरता उरला. रजा मिळणे म्हणजे वरच्याने 'बरं, जा' म्हणणे. आणि ज्याला 'बरं, जा' म्हणणारे कुणीच नसते, त्याच्या आयुष्यात हा शब्दच नसतो. माझ्या अब्बांच्या आयुष्यात तो नव्हता.

अब्बा सोलापुरात यंत्रमागावर होते. टॉवेलचे माग. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मजुरी मापावर, जेवढा माल निघेल तेवढे पैसे. माग बंद तर मजुरी बंद, मग तो वीज गेल्याने बंद असो, सूत तुटल्याने असो, नाहीतर माणूस तापाने पडल्याने असो. आणि खरी भीती एका दिवसाच्या मजुरीची नव्हती. कारखान्याच्या दारात सकाळी बदली कामगार उभे असायचे. तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर तुमच्या मागावर बदलीवाला उभा राहायचा, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तर तो तिथेच असण्याची शक्यता होती. शेट वाईट माणूस होता असे अब्बा कधी म्हणाले नाहीत. ईदीला मुलांना कापड द्यायचा. पण माग रिकामा ठेवणे त्यालाही परवडत नव्हते.

१९९३ च्या पावसाळ्यात अब्बांना खोकला सुरू झाला. मागावर काम करणाऱ्याला खोकला असतोच, असे सगळे धरून चालतात. कापसाचे तंतू हवेत उडत असतात, केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ बसलेली असते, ती नाकातोंडात जाणारच. अम्मी गूळ-सुंठ द्यायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकल्याची बाटली यायची. एक बाटली संपली, दुसरी आली. संध्याकाळी अंग तापायचे, रात्री घामाने बनियन ओला व्हायचा, सकाळी परत कामावर. अम्मी दाराशी उभी राहून म्हणायची, "आज नक्को जाव." अब्बा डबा घेत घेत म्हणायचे, "बैठ्या तो माग जाता." एवढेच संभाषण. मी तेव्हा सातवीत होतो. महिनोन्महिने हे संभाषण मी रोज ऐकले आणि मला त्यात ऐकण्यासारखे काही आहे असे वाटले नाही.

एकदा डबा विसरला म्हणून मी कारखान्यात गेलो होतो. त्या खडखडाटात माणसे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होती. अब्बांनी धोट्यातली कांडी बदलली आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढला. त्या ओढीने धागा भोकातून बाहेर आला. हे काम ते दिवसातून कितीदा करत असतील कोण जाणे. त्याच धोट्याला रात्रपाळीत दुसऱ्या माणसाचे तोंड लागायचे. क्षयरोग मुख्यतः हवेतून, खोकण्या-शिंकण्यातून पसरतो, हे मला पुढे कळले. बंद, दमट शेडमध्ये बारा-बारा तास एकमेकांशेजारी उभे राहिलेल्या माणसांना धोट्याची गरजही नसते. पण तो ओठांना लावलेला धोटा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

डिसेंबरात थुंकीतून रक्त पडले, तेव्हा अब्बा पहिल्यांदा घरी बसले. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टी.बी. औषध सुरू झाले. पहिले काही आठवडे सुया, मग मूठभर गोळ्या. माग गेला. ज्या भीतीने ते चार महिने खोकत उभे राहिले, ती शेवटी खरी झालीच.

आणि मग फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्याला गाठ आली. ती चार वर्षांची होती. अब्बांच्या कुशीत झोपायची. डॉक्टरांनी अब्बांचा कागद बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "घरात खोकला किती दिवस होता?" अम्मी खाली बघत राहिली. अब्बा म्हणाले, "बरसात से."

छोटी बरी झाली. पूर्ण बरी झाली, आज दोन मुलांची आई आहे. गळ्यावर गाठ फुटल्याची खूण तेवढी राहिली. लग्नाची स्थळे यायची तेव्हा अम्मी तिची ओढणी गळ्याशी नीट करायची आणि अब्बा उठून बाहेर जायचे. २०११ साली अब्बा गेले. त्याच्या आधी कधीतरी, कसलाही संदर्भ नसताना, टीव्हीवर काहीतरी चालू होते, तेव्हा म्हणाले, "उस वख्त बैठ गया रहता तो अच्छा था." कुठल्या वेळेबद्दल बोलतात ते आम्हा कुणालाच विचारावे लागले नाही.

मी मोठा झाल्यावर, नोकरी लागल्यावर, कायदा काय आहे ते वाचले. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा होता. म्हणजे अब्बा जन्मले त्याच्या आधीचा. या कायद्याखाली नोंद असलेल्या आणि ठरलेले दिवस वर्गणी भरलेल्या कामगाराला आजारपणात घरी राहिल्याबद्दल रोख पैसे मिळत. अलीकडचा दर सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्यासाठी त्याहून जास्त मुदतीची वेगळी तरतूद होती. पण कायदा लागू व्हायला कारखान्यात किमान दहा माणसे लागत. अब्बांच्या शेटकडे एका शेडमध्ये आठ-नऊ माणसे होती. मधल्या भिंतीपलीकडे दुसऱ्या शेडमध्ये आणखी तेवढीच. ती शेटच्या भावाच्या नावावर. त्या भिंतीला दार होते. कागदावर मात्र दार नव्हते.

त्यामुळे मला जेव्हा कुणी सांगतो की आपल्या लोकांना आजाराचे गांभीर्य नाही, दुखणे अंगावर काढतात, शिक्षण नाही, तेव्हा मी त्याला त्या भिंतीबद्दल सांगतो. अब्बांना गांभीर्य होते. ते रोज सकाळी दोन गोष्टी तोलत होते. एका पारड्यात छातीतला खोकला, दुसऱ्यात घरातली पाच तोंडे. खोकला उद्यावर ढकलता येत होता, पोट ढकलता येत नव्हते.

त्या वर्षी रमजान फेब्रुवारीच्या मध्यावर लागला. अब्बांच्या गोळ्या चालू होत्या. तब्येत अर्धी झाली होती. तरी त्यांनी पहिल्या सहरीला उठून बसायचा हट्ट धरला. काम गेले, पोरीला दुखणे लागले, आता रोजेही सोडायचे का, असे त्यांना वाटत असावे. अम्मीने मशिदीतल्या मौलवीसाहेबांना बोलावले. वृद्ध माणूस, स्वतः दम्याचे रोगी. त्यांनी सांगितले की आजारी आणि मुसाफिर यांना रोजा पुढे ढकलायची मुभा कुराणातच दिलेली आहे, नंतर बरे झाल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे. या मुभेला 'रुखसत' म्हणतात. मग जरा थांबून म्हणाले, की देणाऱ्याने रुखसत दिली आणि घेणाऱ्याने नाकारली, तर त्यात इबादत कमी आणि अकड जास्त असते.

रुखसत हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त मुलगी सासरी जाण्यासाठी वापरला जायचा. उर्दूत नोकरीतल्या रजेलाही रुखसत म्हणतात, हे मला नंतर समजले. तेव्हा एवढेच कळले, की अब्बा सहरीच्या ताटावरून उठले आणि सकाळी सगळ्यांच्या देखत गोळ्या घेतल्या. अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अल्लाह ने छुट्टी दिया, शेट ने नई दिया." पुढच्या हिवाळ्यात, दिवस लहान असताना, अब्बांनी ते सगळे रोजे एकेक करून पूर्ण केले. कजा फिटली.

त्या मौलवीसाहेबांनीच अब्बांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. माणूस निरोगी असताना जी चांगली कामे नेमाने करतो, ती आजारपणात किंवा प्रवासात सुटली तरी त्यांचा सवाब त्याच्या नावावर लिहिला जातच राहतो, अशा अर्थाची हदीस आहे. मी आज नोकरदाराच्या भाषेत त्याला भरपगारी रजा म्हणेन. आजारी उंट निरोगी उंटांच्या कळपात नेऊ नयेत, अशीही एक शिकवण आहे. पहिली गोष्ट आजाऱ्याच्या बाजूने आहे, दुसरी त्याच्या शेजाऱ्याच्या बाजूने. आजारी माणसाने घरी राहावे की नाही याचा विचार करताना दोन्ही बाजू लागतात. मी मात्र बरीच वर्षे पहिलीच बाजू बघत आलो. माझा ताप, माझी सहनशक्ती, माझे कर्तव्य.

दुसरी बाजू मला २०१९ मध्ये दिसली.

त्या वर्षी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा. अकरा मुले बसवली होती. सकाळी शाळेआधी एक तास, संध्याकाळी एक तास, असे जादा तास मी दिवाळीपासून घेत होतो. परीक्षा पंधरवड्यावर आली आणि मला ताप भरला. कडक ताप, अंगदुखी, खोकला. गावात साथच होती. मी एकही दिवस घरी राहिलो नाही. सकाळी गोळी, दुपारी गोळी. घसा बसला तर फळ्यावर लिहून शिकवले. छोट्या खोलीत अकरा मुले जमिनीवर गोल करून बसायची आणि मी मध्ये. थंडी होती म्हणून खिडक्या बंद. चौथ्या दिवशी खुर्चीवर बसून डोळे मिटले तर मुलांनी आपणहून आवाज कमी केला. मला त्यांचा अभिमान वाटला. खरे सांगायचे तर स्वतःचाही वाटला.

पुढच्या आठवड्यात एकेक करून पाच मुले गैरहजर राहू लागली. वर्गात एक मुलगी होती, गणितात मला मागे टाकणारी. तिचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. तिला शुक्रवारी ताप आला आणि रविवारी परीक्षा. तिचे वडील पाळी सोडू शकले नाहीत, गाळप जोरात चालू होते. आईने तिला स्वेटर घालून, कपाळाला ओले फडके लावून केंद्रावर आणले. पहिला पेपर तिने कसाबसा दिला. मधल्या सुट्टीत उलटी झाली. दुसऱ्या पेपरला ती बसूच शकली नाही. पाचवीची शिष्यवृत्ती एकदाच असायची. त्यानंतर थेट आठवीला.

तिला तो ताप माझ्यापासून लागला की आणखी कुणापासून, हे सांगता येणार नाही. साथ गावभर होती, दुकानात, एस.टी.त, लग्नात कुठेही लागू शकला असता. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. पण बंद खिडक्यांच्या खोलीत चार दिवस तिच्यापासून दोन हातांवर बसून खोकणारा माणूस मी होतो, हेही तेवढेच खरे.

काही दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. मला वाटले रागावतील. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या पोरीचं नशीब नव्हतं. पण तुम्ही अंगात ताप असताना येत होता, ते सगळ्या गावानं बघितलं. असा मास्तर मिळायला भाग्य लागतं."

मी काहीच बोलू शकलो नाही. आयुष्यात एवढे जड कौतुक मी कधी ऐकले नव्हते. त्या रात्री मला अब्बांचा तो डॉक्टरांपुढचा आवाज आठवला, "बरसात से." अब्बांच्या पाठीशी एकही रजा नव्हती. माझ्या खात्यावर तेव्हा वैद्यकीय दाखल्यावर घेता येण्यासारखी कितीतरी रजा शिल्लक होती. सरकारी नियमाने वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा खात्यावर जमा होत जाते. डॉक्टरचा दाखला दिला तर ती पूर्ण पगारी करून घेता येते, फक्त एका दिवसाला दोन दिवस वजा होतात. माझे कितीतरी दिवस वापरावाचून पडून होते. अब्बा गेले ते नाइलाज होता म्हणून. मी कशासाठी गेलो? मुलांसाठी, असे मी म्हणत होतो. त्यात मुले होतीच. पण त्यात 'एकही रजा न घेणारा मुसलमान शिक्षक' म्हणून मिळणारी पाठीवरची थापही होती. त्या थापेसाठी मी अकरा मुलांना पणाला लावले.

वर्षभरात करोना आला आणि आजारी माणसाने घरी बसावे हे सगळ्या जगाला एकदम पटले. पण त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्यापैकी अनेकांनी साधा खोकलाही दाबून ठेवला, हेही विसरता येत नाही. दिल्लीच्या तबलीगी मरकजच्या बातम्यांनंतर मुसलमान माणसाचे खोकणे हाच गुन्हा झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. पण तोपर्यंत चार महिने गेले होते. ज्या समाजात आजारी असल्याचे सांगायची भीती वाटते, तिथे माणसे आजार लपवतात, आणि लपवलेला आजार जात बघून पसरत नाही.

आता मी स्वतःपुरता एक साधा नेम केला आहे. गोळी न घेता ताप उतरून चोवीस तास झाले नसतील तर मुलांमध्ये जायचे नाही. गोळी घेऊन उतरलेला ताप उतरलेला धरायचा नाही, कारण गोळीने माझे अंग थंड होते, माझा खोकला निरुपद्रवी होत नाही. साध्या सर्दीला मास्क लावून जातो, खिडक्या उघड्या ठेवतो. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, मग तो माझा असो, विद्यार्थ्याच्या आजोबांचा असो की मोहल्ल्यातल्या कुणाचा, तर थुंकी तपासल्याशिवाय मी गप्प बसत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. लोक मला थोडे वेडा समजतात. चालेल.

नेम केला म्हणून तो पाळणे सोपे झाले असे नाही. गेल्या महिन्यातला तो पाऊण तास त्याचा पुरावा आहे. शेवटी मी संदेश पाठवला. 'ताप १०१ आहे. आज व उद्या रजेवर आहे. अर्ज नंतर देतो.' माफी वगैरे काढून टाकली. दोन मिनिटांत उत्तर आले, "काळजी घ्या. वर्ग मी बघतो." बस. एवढ्यासाठी मी पाऊण तास कुढत होतो.

मी पांघरूण घेऊन पडलो आणि मला आमच्या शाळेतल्या मावशी आठवल्या. पोषण आहार शिजवतात. तुटपुंजे मानधन, तेही कधी वेळेवर, कधी नाही. त्यांना रजा नाही. एखाद्या दिवशी यायचे नसेल तर त्यांनीच दुसरी बाई बघून पाठवायची आणि तिचे पैसे स्वतःच्या पदरचे द्यायचे. म्हणजे पुन्हा बदलीच. त्या आदल्याच आठवड्यात नाक पुसत पुसत शंभर मुलांची खिचडी ढवळत होत्या. मी त्यांना बघून "मावशी, काळजी घ्या हो" म्हणालो होतो आणि वर्गात निघून गेलो होतो. सत्तर टक्के मजुरीचे कायदे पाठ असलेल्या माणसाला त्या चुलीपुढे याहून जास्त काही सुचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी शाळेत गेलो तेव्हा मधल्या सुट्टीत हा विषय काढला. फार चर्चा झाली नाही. आम्ही चौघा शिक्षकांनी ठरवले की दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवायचे. मावशी आजारी पडल्या तर त्यांनी फक्त फोन करायचा. बदली बाई आम्ही बघू, तिचे पैसे त्या डब्यातून जातील. शुक्रवारवरून पूर्वी झालेला तो विनोद ज्यांनी ऐकलाही नव्हता, त्या बाईंनीच डबा आणला. बिस्किटाचा रिकामा डबा आहे, कपाटात ठेवला आहे. ही काही व्यवस्था नव्हे. व्यवस्था सरकारने करायची असते, आणि ती मागत राहिले पाहिजे. पण तोपर्यंत त्यांनी खोकत खिचडी शिजवू नये.

मावशींना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. दोनदा विचारले, "म्हंजी माझं पैसं कापायचं न्हाईत?" नाही म्हटले. मग त्यांनी विचारले, "आन् मी परत आल्यावर काम माझंच ऱ्हाईल ना?"

तीस वर्षांपूर्वी आमच्या दारात डबा हातात घेऊन उभे असलेले अब्बा मला दिसले. मी म्हणालो, "तुमचंच राहील, मावशी. तुम्ही बिनधास्त बसा घरी."